आगगाडीतील प्रवासी आणि सीमेवरील अधिकार

(गुरुकुंज मोझरी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मोझरी हे वऱ्हाडातील गाव. येथून देशाची कोणतीही सीमा शेकडो कोस दूर आहे. अशा ठिकाणी सीमेवरील रेल्वे तपासणीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे, की सीमा दूर असली तरी ती ओलांडणारा माणूस दूरचा नसतो. तो आपल्याच गावचा यात्रेकरू असतो, मजूर असतो, नाही तर परदेशी असलेल्या मुलाला भेटावयास निघालेली वृद्ध माता असते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. दारावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यास अडविण्याचा अधिकार कोणी, कोणत्या मर्यादेत आणि कोणाच्या साक्षीने वापरावा, हा प्रश्न अटारीच्या फलाटावर जितका खरा आहे तितकाच ग्रामपंचायतीच्या वेशीवरही खरा आहे. ज्या भूमीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम स्थापून गावालाच राष्ट्रविचाराचे केंद्र मानले, त्या भूमीवर या प्रश्नाचा विचार होणे उचितच आहे.

प्रवाशाची विशेष स्थिती

नकाशावर सीमा ही एक रेषा असते. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र सीमा म्हणजे डब्याच्या दारात उभा असलेला गणवेषधारी माणूस होय. तो दोन प्रश्न विचारतो. तुम्ही कोण, आणि तुमच्याजवळ काय आहे? पहिला प्रश्न पारपत्राचा व प्रवेशाचा, दुसरा सीमाशुल्काचा. राजधानीत झालेले तह आणि संसदेने केलेले कायदे सामान्य माणसाला प्रत्यक्ष भेटतात ते या दोन प्रश्नांच्या रूपाने.

आगगाडीच्या प्रवाशाची अवस्था या वेळी इतरांहून वेगळी असते. पायी चाललेला मनुष्य मागे वळू शकतो. विमानाचा प्रवासी आसनावर बसण्यापूर्वीच तपासला जातो. आगगाडीचा प्रवासी मात्र बिऱ्हाडासह डब्यात बसलेला असतो. त्याला खाली उतरविले आणि गाडी सुटली, तर सामान एकीकडे, मुले दुसरीकडे आणि तो तिसरीकडे, असा प्रसंग ओढवतो. शिवाय शेकडो प्रवासी एकाच वेळी मूठभर अधिकाऱ्यांच्या स्वाधीन होतात. अधिकाऱ्यांचीही अडचण काही लहान नसते. शेकडो निरपराध माणसांतून चोरटे सोने वा अमली पदार्थ नेणारा एखादाच हुडकावयाचा आणि तोही वेळापत्रक सांभाळून. घाई केली तर गुन्हेगार सुटतो आणि सावकाश तपासावे तर गाडीभर लोक ताटकळतात. म्हणून येथे अधिकाराची गरज जितकी, तितकीच त्यास मर्यादेची गरज आहे.

कॅसल रॉक आणि कुळे

मराठी माणसाला या प्रश्नाचा अनुभव नवा नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात तो अनेक पिढ्यांनी घेतला आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्या तहाने मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानशी लोहमार्गाने जोडण्याचे ठरले आणि दोन्ही प्रदेशांमधील जकातीच्या भिंतीही पाडण्यात आल्या. मिठाच्या व्यवहारावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले व त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये देण्याचे ठरले. यानंतर मुरगावपासून घाटमाथ्यावरील कॅसल रॉकपर्यंत मीटर मापी लोहमार्ग झाला आणि १८८८ पर्यंत मुरगाव बंदर हिंदुस्थानातील रेल्वेजाळ्याशी जोडले गेले. दूधसागराच्या धबधब्यावरून जाणारा हा मार्ग त्या काळच्या स्थापत्यकौशल्याचे एक उत्तम उदाहरण होय.

परंतु १८९२ मध्ये तहाची मुदत संपली, त्याचे नूतनीकरण झाले नाही, आणि जकातीच्या भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. लोहमार्ग तोच, गाडी तीच, प्रवासीही तेच. बदलला तो केवळ कागद. पण त्या एका बदलाने घाटमाथ्यावरचे कॅसल रॉक हे ब्रिटिश हद्दीचे तपासणीनाके झाले आणि घाटाच्या पायथ्याचे कुळे हे पोर्तुगीज हद्दीचे. मुंबईत नोकरी करणारा गोमंतकीय स्वयंपाकी, बोटीवरचा खलाशी किंवा कारकून सणासाठी घरी निघाला, की त्याची पेटी एकाच प्रवासात दोन सत्तांपुढे उघडली जाई. १९२४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात भू-सीमाशुल्काचा स्वतंत्र कायदा झाला व परकीय वसाहतींच्या सरहद्दीवरील अशा तपासणीस निश्चित आधार मिळाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जकातीसाठी उभारलेले नाके जकातीपुरतेच राहील, याची शाश्वती नसते. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्यासाठी सभा घेतली, तेव्हा त्यांना अटक झाली व पुढे गोव्याबाहेर घालविण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात निघाले, तेव्हा त्यांना अटक झाली ती कुळे स्थानकावर. तेथून त्यांची रवानगी आग्वादच्या किल्ल्यात झाली. ज्या फलाटावर कापडाचे तागे मोजले जात, त्याच फलाटावर एक विचार अडविला गेला. हत्यार तेच, हेतू मात्र निराळा.

पुढे १९५५ साली गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींच्या तुकड्या सीमेवर गेल्या, १५ ऑगस्टला गोळीबार झाला, अनेकांनी प्राण दिले, आणि त्याच वर्षी भारत व गोवा यांमधील रेल्वे वाहतूकही बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आज या मार्गाने जाणाऱ्या प्रवाशास दूधसागर दिसतो, सीमा दिसत नाही. सीमा ही माणसाने केलेली व्यवस्था आहे. ती बदलते, सरकते, कधी पुसलीही जाते. परंतु ती असते तेव्हा तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाचे वर्तन लोकांच्या स्मरणात राहते.

पलवल येथील प्रसंग

दुसरे उदाहरण देशांतर्गत सीमेचे आहे. एप्रिल १९१९ मध्ये महात्मा गांधी मुंबईहून दिल्ली व पंजाबकडे निघाले होते. रौलट कायद्याविरुद्ध देश खवळला होता. पलवल स्थानक येण्यापूर्वीच त्यांच्या हाती लेखी हुकूम देण्यात आला. पंजाबच्या हद्दीत प्रवेश करू नये, त्यामुळे शांतताभंग होईल, असा त्याचा आशय होता. पोलिसांनी त्यांना उतरण्यास सांगितले. त्यांनी स्वेच्छेने उतरण्यास नम्रपणे नकार दिला. तेव्हा पलवल येथे त्यांना उतरवून ताब्यात घेण्यात आले व पुढे मुंबईस परत आणून सोडण्यात आले. या घटनेची वार्ता पसरताच ठिकठिकाणी क्षोभ उसळला.

या प्रसंगापासून घेण्यासारखे धडे दोन आहेत. पहिला अधिकाऱ्यांसाठी. हुकूम लेखी होता, शिक्क्यानिशी होता, तरीही तो न्याय्य ठरला नाही. लेखी आधार हा अधिकाराचा आरंभ आहे. तेवढ्याने अधिकार न्याय्य होत नाही. दुसरा धडा नागरिकांसाठी. गांधीजींनी हुकूम मानला नाही, पण झटापट केली नाही, खोटे नाव सांगितले नाही, पळही काढला नाही. आपली भूमिका स्पष्ट सांगितली आणि परिणाम स्वीकारला.

स्वतंत्र भारतातील कायद्याची चौकट

स्वातंत्र्यानंतर आपण या अधिकाराला कोणती चौकट दिली, ते आता पाहू. सीमाशुल्क अधिनियम १९६२ साली संमत झाला व १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. त्याने पूर्वीचे सागरी व भू-सीमाशुल्काचे जुने कायदे एकत्र गुंफले. आगगाडीच्या प्रवाशासंबंधी त्यातील पुढील तरतुदी प्रत्येक शिक्षकाला व पंचायत सदस्याला ठाऊक असाव्यात.

कलम ७७ प्रमाणे प्रवाशाने आपल्या सामानाची घोषणा स्वतः करावयाची असते. सत्य घोषणा करणे हे प्रवाशाचे पहिले कर्तव्य होय. घोषणा खरी असेल आणि एखादी वस्तू शुल्कपात्र वा निषिद्ध निघाली, तर कलम ८० अन्वये ती परतीच्या वेळी मिळावी म्हणून ठेवून घेण्याची विनंती प्रवाशास करता येते. खरे बोलणाऱ्यास कायद्याने वाट ठेवली आहे.

कलम १०० अन्वये देशात येणाऱ्या वा देशाबाहेर जाणाऱ्या व्यक्तीची अंगझडती घेता येते. परंतु त्यासाठी जप्तीयोग्य वस्तू अंगावर दडविली आहे असे मानण्यास कारण असले पाहिजे. नुसता संशय वा चेहरा पुरेसा नाही. कलम १०२ प्रमाणे झडतीपूर्वी राजपत्रित सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची मागणी प्रवाशाला करता येते, आणि झडतीस वाजवी कारण नाही असे त्या अधिकाऱ्यास वाटले तर प्रवाशास तत्काळ सोडावे लागते. झडतीच्या वेळी दोन वा अधिक पंच हजर असावे लागतात व जप्त वस्तूंची यादी करून तीवर सह्या घ्याव्या लागतात. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची, याला अपवाद नाही. कलम १०६ प्रमाणे वाहन थांबवून तपासता येते, पण तेही चोरट्या व्यापारासाठी वापर झाल्याचे मानण्यास कारण असेल तरच.

अटक केल्यास कलम १०४ प्रमाणे कारणे सांगावी लागतात आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने त्यासाठी प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांची मुदत घातली आहे. जप्त मालाबाबत सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते. ही मुदत कारणे नोंदवून वाढविता येते, पण मर्यादेतच. आणि ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते ते कलम १३६. पुरेसे कारण नसता अंगझडती घेणाऱ्या वा अटक करणाऱ्या सीमाशुल्क अधिकाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या कायद्याने अधिकार दिला, त्याच कायद्याने त्याच्या दुरुपयोगासाठी शिक्षाही लिहून ठेवली. लोकशाहीतील अधिकाराचे हेच लक्षण होय.

पारपत्र व परकीयांच्या प्रवेशासंबंधी १९२०, १९३९ व १९४६ या वर्षांचे परकीय राजवटीत झालेले कायदे आणि २००० सालचा वाहतूकदारांच्या दायित्वाचा कायदा दीर्घकाळ चालू होते. त्यांच्या जागी संसदेने २०२५ मध्ये एकच आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम केला व तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. मात्र कायदा नवा असो वा जुना, संविधानाचा अनुच्छेद २१ सर्व व्यक्तींना लागू आहे. तो केवळ भारतीयांपुरता नाही. फलाटावरील परकीय पाहुण्यालाही कायद्याने ठरविलेल्या पद्धतीवाचून आपण बंदिस्त करू शकत नाही.

तपासणी कोठे व्हावी?

आता व्यवस्थेचा प्रश्न. सिमला करारानंतरच्या काळात, २२ जुलै १९७६ रोजी, भारत व पाकिस्तान यांमध्ये समझोता एक्सप्रेस सुरू झाली. आरंभी ती रोज धावे, १९९४ पासून आठवड्यातून दोनदा धावू लागली. फाळणीने दुभंगलेल्या कुटुंबांचा आणि नानकाना साहेबला जाणाऱ्या यात्रेकरूंचा ती मोठा आधार होती. राजस्थानात १९६५ च्या युद्धापासून बंद असलेला मुनाबावचा मार्ग फेब्रुवारी २००६ मध्ये थार एक्सप्रेसने पुन्हा उघडला. १८ फेब्रुवारी २००७ रोजी पानिपतजवळ समझोता एक्सप्रेसमध्ये झालेल्या स्फोटांत ६८ जण मृत्युमुखी पडले. सीमेवरील दक्षता हा केवळ जकातीचा प्रश्न नाही, याची जाणीव त्या घटनेने दिली. या दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९ पासून बंद झाल्या.

पूर्वेकडे कोलकाता व ढाका यांमधील मैत्री एक्सप्रेस १४ एप्रिल २००८ रोजी सुरू झाली. प्रारंभी आपल्या बाजूस गेदे व पलीकडे दर्शना येथे प्रवाशांना सामानासह उतरून तपासणी द्यावी लागे. वृद्धांना व उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांना हा जाच फार होई. नोव्हेंबर २०१७ पासून ही तपासणी कोलकाता आणि ढाका येथील आरंभ-अंत्य स्थानकांवरच होऊ लागली आणि वाटेतील कित्येक तास वाचले. पुढे बांगलादेशातील अशांततेमुळे २०२४ मध्ये गाडी थांबली, तरी त्या सुधारणेचे मोल कमी होत नाही. अधिकार तेच राहिले, कायदाही तोच राहिला. केवळ तपासणीची जागा बदलली आणि प्रवाशाचा मान राखला गेला.

युरोपात इंग्लंड व फ्रान्स यांनी समुद्राखालील बोगद्यासाठी १९८६ मध्ये तह केला आणि १९९१ च्या जोडकरारान्वये एका देशाच्या अधिकाऱ्यांना दुसऱ्या देशाच्या भूमीवर तपासणी करण्याची मुभा दिली. बोगदा १९९४ मध्ये खुला झाला. पुढे लंडन व पॅरिस यांमधील प्रवाशाची दोन्ही देशांची तपासणी गाडीत चढण्यापूर्वीच होऊ लागली. आपल्या शेजारी, बिहारमधील जयनगरहून नेपाळातील कुर्थापर्यंत २ एप्रिल २०२२ पासून गाडी सुरू झाली. भारतीयास नेपाळात जाण्यास पारपत्र व व्हिसा लागत नाही. तरी ओळखपत्र जवळ असावे लागते आणि सीमाशुल्काचे नियम सुटत नाहीत, हे यात्रेकरूंनी विसरू नये.

आपल्या दारातील सीमा

सीमा केवळ देशाच्या टोकाला असते असे नाही. येथून जवळच धामणगाव सोडून गाडी पुलगावकडे जाताना वर्धा नदी ओलांडते आणि दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात शिरते. नदीच्या एका तीरावर जी वस्तू परवान्याने विकली जाते, तीच दुसऱ्या तीरावर गुन्ह्याचा पुरावा ठरते. १८९७ च्या साथरोग अधिनियमाने तर आगगाडीने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा व संशयितांना विलग ठेवण्याचा अधिकार शासनाला स्पष्ट शब्दांत दिला. प्लेगसाठी केलेला तो कायदा १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत पुन्हा उपयोगात आला. मार्चमध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १ मे पासून श्रमिकांसाठी विशेष गाड्या सुटू लागल्या, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाण्यास परवाना लागू लागला.

त्या दिवसांत सीमेवरचा पहारेकरी कोण होता? आपणच होतो. अनेक गावांनी रस्त्यावर बोऱ्या-बाभळीच्या काट्या टाकून वेस बंद केली. मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच लेकरांना शाळेच्या खोल्यांत ठेवले. काही गावांनी त्यांना वेळेवर जेवण, अंथरूण आणि दोन गोड शब्द दिले. काही ठिकाणी त्यांच्याकडे गुन्हेगारासारखे पाहिले गेले. साथ तीच होती, नियमही तेच होते. फरक पडला तो दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात.

म्हणून या शिबिरार्थींपुढे मी चार कसोट्या ठेवतो. अडविण्याचा अधिकार वापरताना त्यास कायद्याचा आधार आहे काय? कारण नोंदविले आहे काय? साक्षीला पंच आहेत काय? आणि अडविलेल्या माणसास वरिष्ठांकडे दाद मागण्याची वाट मोकळी आहे काय? कॅसल रॉकपासून अटारीपर्यंत आणि आपल्या गावच्या वेशीपर्यंत या चारच कसोट्या पुरेशा आहेत.

शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला झडतीविषयीच्या या तरतुदी मुलांना सोप्या भाषेत सांगाव्यात. ज्याला आपला हक्क ठाऊक असतो तो अधिकाऱ्याशी भांडत नाही, नेमकेपणाने बोलतो. पंचायत सदस्यांनी परदेशी किंवा सीमेपलीकडील यात्रेला निघालेल्यांना कागदपत्रे नीट करून देण्यास साहाय्य करावे, आणि कोणाची अनोळखी पिशवी परमुलखी नेऊ नये हे बजावून सांगावे. कारण पिशवीत निषिद्ध वस्तू निघाली, तर प्रथम जाब विचारला जातो तो ती वाहणाऱ्यास. अधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्यांच्यापुढील शंभरापैकी बहुतेक माणसे निरपराध असतात आणि त्या दिवशीचे आपले शासन त्यांना अधिकाऱ्याच्याच रूपाने दिसते.

राष्ट्रसंतांना १९४२ च्या आंदोलनात परकीय सत्तेने कारावासात टाकले. त्या सत्तेचे अधिकार मोठे होते, पण त्यांना लोकमान्यतेचा आधार नव्हता. आज जो अधिकार आपण वापरतो तो लोकांनीच आपल्याकडे सोपविलेला आहे. तो वापरताना समोरच्या माणसाचा मान राखला, तर सीमेचे रक्षण होते आणि माणुसकीचेही. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय गुरु! जय हिंद! जय महाराष्ट्र!